डॉक्टर टोफ्टेंचं एक पान

डॉक्टर टोफ्टेंचं सबंध आयुष्य एका पानात बसवायचं होतं, आणि ते चार दिवस बसायला तयार नव्हतं.

माणूस नॉर्वेचा, भौतिक रसायनशास्त्रज्ञ. लोखंडाच्या पृष्ठभागावर वायू कसे चिकटतात नि कसे सुटतात, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. कतारमधल्या मेसईदच्या खत कारखान्यात अमोनिया बनायचा तो याच विद्येवर. आता, २००५च्या मे महिन्यात, ते निवृत्त होऊन मायदेशी निघाले होते आणि निरोपाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर एक पान छापायचं होतं. ते लिहायचं काम आलं व्हेरोनिकाकडे. वसईची, प्रयोगशाळेची सेक्रेटरी, पाच महिन्यांच्या कॅरिनाची आई.

नव्या कायद्यानं तान्ह्या बाळाच्या आईला रोज एक तास मिळायचा. म्हणजे दोनची बस. ती मिळाली की पावणेतीनला ओल्ड एअरपोर्ट वस्तीत घरी. हुकली की तीनची, अख्ख्या दोहाला प्रदक्षिणा घालून साडेचारला सोडणारी. कॅरिना बाटलीला तोंड लावत नव्हती. शेजारची सायरा चमच्यानं दूध पाजायची, त्यातलं निम्मं लाळेऱ्यात जायचं. आणि इथे कामाच्या टेबलाशी दोन वाजून गेले की व्हेरोनिकाचा कुर्ता भिजायला लागायचा. ओढणी सारखी करत ती टाइप करत राहायची.

रविवारी पहिला मसुदा झाला. फ्योर्डच्या काठचं गाव, फेरीबोट चालवणारे वडील, ट्रॉन्धाइमचं शिक्षण, डॉक्टरेट, १९७९ला कतारची पहिली फेरी. बरा झाला होता. डॉक्टर पेन्सिल घेऊन बसले आणि ‘नावाजलेले’ या शब्दावर अडले. कोणी नावाजलं, कधी, याचा पुरावा काय? त्यातच दोन वाजून गेले.

सोमवारी त्यांना आठवलं की १९६६ ते ६९ ही तीन वर्षं ते साफ चुकले होते. लोखंडात गंधकाचा अंश राहून गेलेला, त्यामुळे सगळे आकडे बिघडलेले, आणि हे त्यावर सिद्धांत रचत बसलेले. ते पानात का नाही? व्हेरोनिकानं घातलं. मग प्रशासनाचे कमालसाहेब, कैरोचे, वाचून हबकले. मंत्रालयाचे पाहुणे येणार आणि त्यांच्या हातात तीन वर्षांची चूक द्यायची? खलास, काढा म्हणाले, आणि वर ‘विश्वविख्यात’ घाला. तिनं काढलं, घातलं. मंगळवारी डॉक्टरांनी ‘विश्वविख्यात’ काढून चूक परत आत घेतली. शिवाय कारखान्यात चुकलेले आणखी दोन अंदाज, तारखांसकट.

“एवढा शिकलेला माणूस,” ती सायराला म्हणाली, “पण स्वतःचं कौतुक एक ओळभर गिळवत नाही गं. आणि उपाशी राहते माझी पोर.”

बुधवारी तीनपर्यंत पान छापखान्यात जायचंच होतं. पावणेदोनला डॉक्टर आले. हातात कालचा कागद, समासात मुंगीएवढ्या अक्षरात अकरा दुरुस्त्या. कमालसाहेब हे चालू देणार नाहीत, असं तिनं शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. डॉक्टर तिच्याहून शांत.

“प्रयोगाच्या वहीत आपण खाडाखोड करत नाही, व्हेरोनिका. चुकलं तर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि कारण. माझं आयुष्य काय त्या वहीहून स्वच्छ आहे?”

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. बसचा ड्रायव्हर निवृत्ती, नगरकडचा.

“ताई, आजबी न्हाई का? दोन मिन्टं थांबतो. पुढं मंडळी वरडायला लागल्यात.”

व्हेरोनिकानं डॉक्टरांच्या हातून कागद घेतला. पेन उचललं आणि अकरा दुरुस्त्या नि कारखान्यातले दोन अंदाज, सगळ्यांवरून एकेक रेघ ओढली. त्यांच्या तीन वर्षांच्या चुकीचं वाक्य तेवढं ठेवलं. तेव्हापासून हा माणूस प्रत्येक नमुन्यात आधी गंधक तपासतो, हे चार दिवसांत तिला पाठ झालं होतं, आणि ते खोडायला हात धजावला नाही. शेजारी सही केली. तारीख घातली. कारणाच्या जागी लिहिलं: बाळाला भूक लागली आहे. कागद त्यांच्या हातात ठेवला, पर्स उचलली आणि जिना उतरली.

बसमध्ये बसल्यावर तिनं हिशेब मांडला. नोकरी गेली तर नवऱ्याच्या, रॉबर्टच्या, एकट्याच्या पगारात इथे राहणं कठीण होतं.

कॅरिना अंगाशी आली, घट्ट धरून प्यायला लागली, नि फोन वाजला. डॉक्टरच.

पान गेलं, म्हणाले, तुम्ही ठेवलंत तसंच. कमालसाहेबांनी तेवढ्या वाक्यालाही खळखळ केली. मग त्यांना रेघेशेजारचं कारण वाचून दाखवलं. त्यांना चार मुलं आहेत, त्यांनीच पान छापखान्यात धाडलं.

“उद्याही तुम्ही दोनला जाणार?”

“रोज जाणार, सर.”

“प्लस-मायनस किती मिनिटं?”

व्हेरोनिकानं डोळे मिटून घेतले. या माणसापुढे काय करावं. “काही नाही, सर. दोन म्हणजे दोन.”

“ठीक. मी वेळापत्रकात लिहितो.”

पलीकडे पेन्सिल खरखरली. कॅरिनानं तिचं बोट मुठीत आवळून धरलं होतं आणि ते सोडवून घ्यायची व्हेरोनिकाची तयारी नव्हती. तेव्हा, सर, फोन तुम्हीच ठेवा, असं तिनं त्यांना सांगितलं.