जांभळा ठिपका

आईला दमा. घरात केरसुणी फिरली की तिला धाप लागते, म्हणून दादाने तिच्यासाठी बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर आणला. नवाकोरा, खोक्यासकट. आईने शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवला. "मुलगा असावा तर असा," म्हणाली. दुरुस्तीचं दुकान आम्हा दोघांचं. गल्ल्यावर दादा बसतो, स्क्रू मी उघडते. पण कौतुकाच्या वेळी मातोश्रींचं पारडं कायम एकाच बाजूला झुकतं.

महिना होतो न होतो तोच यंत्र रुसलं. जरा गुरगुरायचं आणि बंद पडायचं. आईने हट्टाने हातानेच केर काढला आणि दिवसभर धापा टाकत बसली. मग मी ते ओट्यावर घेतलं.

आधी बॅटरी. दुकानातली दुसरी लावून पाहिली, तरी तेच. फिल्टर स्वच्छ, नळी मोकळी, ब्रशही हाताने छान फिरत होता. म्हणजे दुखणं मोटारीतच. नव्या यंत्राची मोटार इतक्यात कशी जाते, असं पुटपुटत मी आवरण काढलं आणि जागीच थबकले. मोटारीवर जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका होता.

तो ठिपका माझा. बेअरिंग झिजलेली, तापून सारखी बंद पडणारी मोटार पुन्हा चुकून कुणाच्या यंत्रात बसू नये, म्हणून मी तो लावते आणि यंत्र भंगारात टाकते. भंगार विकायचं काम दादाचं. त्याने यातलं वरचं आवरण तेवढं बदललं होतं.

माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाइकाला फसवलं असतं तरी मी भांडले असते. इथे तर आईच्या श्वासाशी खेळ होता. फोन लावला.

"दादा, हे भंगारातलं आईला दिलंस?"

"अगं, चाललं ना इतके दिवस? आणि बिघडलंच तर तू आहेस की घरात."

मी फोन ठेवून दिला. माझ्याच हातांच्या भरवशावर त्याने हे केलं होतं.

तेवढ्यात आई आली. ओट्यावरचा पसारा पाहून तिचा चेहरा उतरला.

"उघडलंस? पोराने किती हौसेने आणलं होतं गं. तुला त्याचं चांगलं कधी बघवलंच नाही."

ठिपका दाखवायला मी मोटार उचलली. तिला तेवढं बोलूनच धाप लागली होती. मी मोटार फडक्यात गुंडाळली.

"उद्या नवी बसवते," मी म्हटलं.

"त्याला विचारून बसव," आई म्हणाली.