पंगतीतला उखाणा

जयसिंगने लेकीच्या लग्नाची डीव्हीडी टेबलावर अशी आपटली, की पियूषचा चहा बशीत सांडला.

"लगीन हाय का तमाशा हाय ह्यो? अक्षता आधी पडत्यात आन् 'सावधान' मागनं ऐकू येतंय! व्याही दात काढून हसला माझ्यासमोर."

पियूष त्याचा भाडेकरू. मूळचा अमरावतीचा, हिंजवडीत नोकरीला. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं, अशी महाळुंग्यात समजूत होती. आणि घरमालकाला नाही म्हणायची तर सोयच नव्हती.

जयसिंगला घाईही होती. त्याची लेक रेश्मा दिवाळीला माहेरी आली, ती अजून सासरी गेली नव्हती. कधी जाणार विचारलं की मान खाली घालायची. आज जावई, किशोर, तिला न्यायला येणार होता. त्याच्यासमोर टीव्हीवर लग्न नीट दिसलं पाहिजे, एवढंच जयसिंगच्या डोक्यात होतं. लेकीपेक्षा त्याला त्या तबकडीची काळजी जास्त!

पियूषने फाइल उघडली. आवाज चित्राच्या मागे होता, सगळीकडे सारखाच. ढोलावर टिपरू पडतं ते दृश्य त्याने थांबवलं आणि आवाज अलीकडे ओढून बरोबर त्याच्यावर आणला. एवढ्याने अख्खं लग्न जागेवर आलं. 'सावधान' झालं, मग अक्षता पडल्या.

"आता कसं!" जयसिंगने जिन्यातून हाक मारली. "वर या गं दोघी! बघा तरी!"

रेश्मा येऊन पियूषच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिची आई रंभाबाई दारातच थांबली.

पडद्यावर पंगत बसली होती. रेश्मा नवऱ्याला घास भरवत होती आणि बायका उखाण्यासाठी गलका करत होत्या. मग आवाज आला, "मुळेच्या पाण्याला कंकणाचा नाद, किशोररावांचं नाव घेते, द्या आशीर्वाद."

पडद्यावरच्या रेश्माचे ओठ मिटलेले होते.

"हितं चुकलंय. परत लाव," जयसिंग म्हणाला.

पियूषने परत लावलं. ओठ मिटलेलेच. पाठोपाठ वाढप्याच्या हातून बादली पडली आणि त्याच क्षणी खणखणाट झाला.

"काका, आवाज बरोबर आहे. ती बादली बघा ना."

"बादली गेली खड्ड्यात! माझ्या लेकीचं तोंड का हालत न्हाई? शिकल्याली मान्सं म्हनं! एक काम धड जमंना!"

"त्येंच्यावर कशाला वराडताय?" रंभाबाई म्हणाली. "जुळलंय ते. आवाज माजा हाय."

जयसिंग वळला.

"बायका खोळंबल्या व्हत्या, ही तोंड उघडंना. मी मागं उबी व्हते. पदर तोंडावर घेतला आन् घेतलं नाव."

"आन् मला वळखू आला न्हाई?"

"माजा आवाज तुमी कदी ऐकलाय?" रंभाबाईने विचारलं. "स्थळ आलं तवाच ही न्हाई म्हनली व्हती. मी तुमाला सांगितलं बी. तुमी म्हनलासा, च्या टाक. आन् मी टाकला! वर पंगतीत हिच्या तोंडचं बी मीच बोलले. जळलं माजं तोंड."

खाली किशोरच्या गाडीचा हॉर्न वाजला. जयसिंगने खिडकीतून वाकून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"पियूष, तेवढी जागा कापून टाक. लगेच."

पियूषने माऊसवर हात ठेवला.

"कापू नगा, दादा," रेश्मा म्हणाली. या घरात राहायला आल्यापासून पियूषने तिचा आवाज ऐकलाच नव्हता. "त्यात तेवढंच खरं हाय."

"रेश्मे!"

"त्यांस्नी काय सांगायचं ते मी सांगते, आबा."

रंभाबाईने तिला वाट दिली. जयसिंग तिच्या मागोमाग निघाला, तेव्हा मात्र रंभाबाई दारातून हलली नाही.