पडद्यातलं मागचं दार

विनिता वजनं उचलायला लागली ती काही हौसेने नव्हे. गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा अलिबागच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून सांगितलं, "हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, मावशी. नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. वजनं उचला." चव्वेचाळीसाव्या वर्षी मावशी म्हणवून घेतल्याचा राग तिला आधी आला. वजनं उचलायची कुठे, हा प्रश्न नंतर पडला. रेवदंड्याला नाक्यावर जिम होती, पण तिथे सगळी गावातलीच पोरं, त्यातली निम्मी तिला काकी म्हणणारी. त्यांच्यासमोर वाकायचं आणि उठायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

शेवटी बेलापूरला नोकरी करणाऱ्या तिच्या लेकीने, मृणालीने, ते यंत्र घरी पाठवलं. आरशासारखा उभा पडदा, त्याच्या माथ्यावर कॅमेरा, आणि सोबत डंबेल्सच्या जोड्या. समोर उभं राहिलं की आपण पडद्यात दिसायचो. खांदे, कोपर, गुडघे कुठे आहेत ते यंत्र ओळखायचं आणि त्यांना जोडणाऱ्या हिरव्या रेघा आपल्या अंगावर काढायचं. जरा चुकलं की आतली बाई हिंदीत टोकायची, "कमर सीधी रखिए." आवडाबाई, म्हणजे विनिताच्या सासूबाई, तिला 'हिंदीवाली' म्हणायच्या.

"त्या हिंदीवालीला सांग, माज्या सुनेला जास्त वाकवू नको," असं त्या जेवताना बजावायच्या आणि मग आपल्या खोलीत जाऊन कानातलं यंत्र काढून आडव्या व्हायच्या. त्यांना मग ढोल वाजवले तरी ऐकू यायचं नाही, म्हणून विनिता आवाज मोठा ठेवून दुपारीच व्यायाम उरकायची. नवरा दत्तात्रेय ट्रेलरच्या धंद्यापायी आठवडाभर उरणला असायचा, त्यामुळे घरात दोघीच.

त्या दिवसांत वाड्यांमध्ये बिबट्या आल्याची बोलवा होती. शेजारच्या कमळचा कुत्रा एका पहाटे दिसेनासा झाला. वनखात्याने पंचायतीबाहेर कागद लावला, खाली फोन नंबर. लोक दिवेलागणीनंतर नारळी-पोफळीत जायचे बंद झाले. विनिताही ऊन उतरलं की मागचं दार लावून घ्यायची. पण भर दुपारी कोण घाबरतो? शिवाय परसात तिने दोरीवर बोंबील वाळत घातले होते. कावळे आले तर दिसावेत म्हणून तिने दार उघडंच ठेवलं होतं.

बाहेरच्या खोलीत यंत्रासमोर ती उभी होती. तिच्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार, आणि त्यातून सरळ रेषेत परसाचं. स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच आवडाबाईंची खोली, तिचं दार कायम उघडं, नुसता कापडी पडदा ओढलेला. विनिताची एक फेरी संपली. ती डंबेल्स हातात धरूनच धापा टाकत होती, आणि पडद्याच्या कोपऱ्यात विश्रांतीचे आकडे उलटे पळत होते.

"फ्रेम में एक से ज़्यादा लोग हैं," हिंदीवाली म्हणाली. "कृपया एक ही व्यक्ति सामने रहे."

आई पाण्याला उठल्या असतील, असं विनिताला वाटलं. तिने मान न वळवता पडद्यात पाहिलं.

तिच्या खांद्यामागे, स्वयंपाकघराच्या दारात, हिरव्या रेघा जमिनीलगत थरथरत होत्या. यंत्र तिथे खांदे शोधत होतं, गुडघे शोधत होतं, आणि ते जुळत नव्हते. रेघा सुटत होत्या, पुन्हा लागत होत्या. त्या रेघांखाली पिवळं अंग होतं, त्यावर काळे ठिपके. डोकं खाली घातलेलं. तोंडात दोरीसकट बोंबील.

विनिता जागची हलली नाही. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, असं त्या कागदावर लिहिलं होतं. पण तिची पाठच तर त्याच्याकडे होती. वळावं तर हालचाल होणार. ती पडद्यात बघत राहिली, आणि पडद्यातून तोही तिच्याकडे बघतो आहे असं तिला वाटलं. घाम मानेवरून घळघळत होता. इतक्या जवळ बोंबील चावल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता.

आणि तेव्हा तिला कोपऱ्यातले आकडे दिसले. विश्रांती संपत आली होती. संपली की ही बाई ओरडणार.

रिमोट टीपॉयवर होता. चार पावलांवर. तिने एक टाच उचलली आणि तशीच परत टेकवली. देवा, आता नको, आता नको, एवढंच ती मनात म्हणत होती.

"आराम का समय खत्म! चलिए, अगला सेट!" आणि पाठोपाठ ढोल-ताशाचं ते संगीत दणकन सुरू झालं.

बिबट्या जागच्या जागी उडाला. एक भांडं पडलं, काहीतरी खरवडल्यासारखं झालं. पडद्यात पिवळा पट्टा आडवा गेला. तो परसाकडे गेला नाही. डावीकडे वळला आणि आवडाबाईंच्या खोलीच्या पडद्याआड नाहीसा झाला.

विनिताच्या हातातून डंबेल्स गळून पडली. ती धावली, पण आत नव्हे. बाहेर. पुढचं दार, ओटी, पायऱ्या, अंगण. फाटकापाशी पोचल्यावर तिच्या डोक्यात आलं की आई आत आहेत. तोवर आठवलंच नव्हतं. फाटकाचा गज धरून ती तो गदागदा हलवायला लागली.

कमळ आपल्या अंगणात सुपाऱ्या निवडत बसली होती. विनिताचा चेहरा पाहून ती सूप टाकून आली.

"काय झाला गो? साप?"

"वाघ," विनिता म्हणाली. त्यांच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणत. "आईंच्या खोलीत हाय."

कमळने तोंडावर हात घेतला, मग तोच हात खाली घेऊन फोन काढला. वनखात्याचा नंबर तिने कुत्र्याच्या वेळीच साठवून ठेवला होता. पलीकडचा माणूस म्हणाला, अलिबागहून निघतो, पाऊण तास लागेल, कुणी आत जाऊ नका, गर्दी करू नका.

"पाऊण तास!" कमळ म्हणाली. "तोवर आवडाकाकी झोपलीच राहील का?"

दोघी भिंतीच्या कडेकडेने त्या खोलीच्या खिडकीखाली गेल्या. विनिताने गजांतून डोकावलं. आवडाबाई कुशीवर झोपल्या होत्या, एक हात उशीखाली, तोंड जरासं उघडं. वर पंखा फिरत होता. खाटेवरून गोधडी लोंबत होती, आणि तिच्याखालून शेपटीचं टोक बाहेर आलं होतं.

बाहेरच्या खोलीत हिंदीवालीचं चालूच होतं. "आप दिखाई नहीं दे रहे हैं. कृपया कैमरे के सामने आइए." दर वेळी ती बोलली की शेपटीचं टोक जमिनीवर फटकन आपटायचं. मग खाटेखालून एक खर्जातली गुरगुर यायची, इतकी खोल की ती खिडकीच्या चौकटीत हाताला जाणवायची.

"ती बाई बंद कर आधी," कमळ कुजबुजली. "ती चिडवतेय त्याला."

आत जायची विनिताची छाती नव्हती. मीटरची पेटी ओटीवर होती. ती वाकून ओटीवर गेली आणि मेन स्विच खाली पाडला. हिंदीवाली अर्ध्या शब्दात थांबली. घर एकदम गप्प झालं. विनिताला क्षणभर हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी कमळचा चेहरा दिसला. कमळ खिडकीकडे बोट दाखवत होती.

पंखाही बंद झाला होता.

आवडाबाईंना पंखा थांबला की जाग यायचीच. रात्रीही वीज गेली की सगळ्यांत आधी त्याच उठायच्या. खिडकीतून त्यांचा झोपाळलेला आवाज आला, "विनिता, लाईट गेली का गो?"

विनिता खिडकीशी धावली. "आई, हलू नका," ती कुजबुजली. कानात यंत्र नसलेल्या आवडाबाईंना ते काय ऐकू येणार? तिने दोन्ही हातांनी खुणा केल्या. चष्मा नसलेल्या आवडाबाईंनी उजेडाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोन हाय तिकडं?" आणि खाटेवर उठून बसल्या. आता त्या नेहमीसारखे पाय खाली सोडून चपला चाचपणार होत्या.

पुढचं विनिताला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. ती आत कशी गेली, ओटीवरून की अंगणातून, पडदा बाजूला केला की तसाच अंगावर घेतला, काही आठवत नाही. तिला आठवते ती फक्त उग्र वासाची एक लाट, आणि खाटेखालच्या अंधारात दोन डोळे. आवडाबाईंचा एक पाय खाली आलाच होता. विनिताने त्यांच्या काखेत आणि गुडघ्यांखाली हात घातले आणि कमरेत वाकून, पाठीची कमान करून, हिंदीवालीने कधी खपवून घेतलं नसतं अशा वेड्यावाकड्या रीतीने त्यांना उचललं. कमरेत काहीतरी तुटल्यासारखी कळ गेली. आवडाबाई वजनाने काही कमी नव्हत्या.

"आगो, काय करतंस? सोड मना! येड लागलं का?" आवडाबाई हातपाय झाडायला लागल्या. त्यांचा हात विनिताच्या गालावर बसला.

खाटेखालून ती गुरगुर आता गुरगुर राहिली नाही. एक फिस्कार आला आणि गोधडी हलली. विनिता मागे मागे सरकत दारातून बाहेर पडली, आणि तिच्या मागून आलेल्या कमळने खोलीचं लाकडी दार ओढून कडी घातली. ते दार कित्येक वर्षांत कुणी लावलं नव्हतं. कडी गंजलेली, अर्धीच बसली. तेवढ्यात आतून दारावर धडक बसली. कमळ कडी घट्ट धरून, पाठ लावून दाराशी उभी राहिली आणि रडायला लागली, पण हलली नाही.

वनखात्याची माणसं आली तोवर अर्धा गाव रस्त्यावर होता. त्यांनी आधी कमळला दारापासून सोडवलं, कारण तिची बोटं कडीवरून निघत नव्हती. मग खिडकीतून नेम धरून बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं. थोड्या वेळाने जाळीत गुंडाळून त्याला बाहेर आणलं. त्याला नव्हे, तिला. मादी होती, वयाने लहान.

"आईपासून नुकतीच सुटलेली दिसतेय," त्यांच्यातला एक गृहस्थ म्हणाला. "घाबरली होती बिचारी."

विनिता ओटीवर पालथी पडली होती. तिला सरळ बसताच येत नव्हतं. तिला त्याच्या बोलण्याचं हसू यायला हवं होतं की रडू, ते कळेना. तिने कपाळ थंड फरशीला टेकवलं.

आवडाबाईंचा तोवर कशावरच विश्वास नव्हता. सुनेने दुपारी अंगावर झडप घातली, एवढंच त्यांना ठाऊक. वनखात्याच्या माणसाने खोलीतून कानातलं यंत्र आणून दिल्यावरही त्या म्हणत होत्या, "माज्या खोलीत कशाला येल वाघ?" पण त्यांच्यासमोरून जाळी गेली. एक पंजा जाळीबाहेर लोंबत होता. तो त्यांनी पाहिला. त्या सरकत सरकत विनिताजवळ आल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

मृणाली आली, दत्तात्रेय आला. मागच्या दाराला लोखंडी जाळीचं दुसरं दार बसलं. विनिताची कमर महिनाभर धरली होती. डॉक्टरांनी यंत्रासमोर पुन्हा उभं राहायला परवानगी दिली, तेव्हा तिनेच टाळाटाळ केली. स्वयंपाकघरात जायलाही तिला सोबत कुणीतरी लागत होतं. भांडं निसटलं तरी ती पुढच्या दाराकडे धावायची. आवडाबाई तर त्या खोलीत झोपायलाच तयार नव्हत्या. खाट बाहेरच्या खोलीत आली.

शेवटी एका दुपारी आवडाबाईच म्हणाल्या, "कर तुजं ते. हाडं मोडून बसशील. मी हाय इथं." त्यांनी खुर्ची उलटी फिरवली, परसाकडे तोंड करून बसल्या, कानातलं यंत्र कानातच ठेवलं, आणि मांडीवर कोयती घेतली.

विनिताने सगळ्यांत हलकी जोडी उचलली. दोनदा वर नेली. तिसऱ्यांदा हात वर असतानाच परसात सुपारीची वाळलेली झावळी खाली कोसळली. दोघींच्या तोंडून एकदमच किंकाळी फुटली. कोयती खणखणत फरशीवर पडली. विनिता खुर्चीपाशी खाली बसली, आवडाबाईंनी तिचा हात घट्ट धरला, आणि दोघी बराच वेळ जाळीच्या दाराकडे बघत राहिल्या.