खळ्यातला माणूस

पहिला

वरून खाली बघत यावं.

वर आभाळ आहे, पाणी घातलेल्या दुधासारखं पातळ. त्यात सूर्याभोवतीचं खळं. ते इतकं मोठं की दोन्हीकडं फोटोची कड त्याला कापून टाकते. मधोमध सूर्य असायचा, तिथं एका माणसाचं डोकं आहे. माणूस सगळाच काळा. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता आकार. मानेमागं आडवी काठी, काठीवरून दोन्ही हात लोंबते सोडलेले. एक हात सरळ लोंबतो. दुसरा, बघणाऱ्याच्या उजवीकडचा, कोपरात वाकडा. तो लोंबत नाही, अर्ध्यावरच थांबतो. पायाखाली खडक.

यात भिण्यासारखं काही नाही. सूर्याला खळं पडलं की लोक एकमेकांना हाका मारून दाखवतात.

दुसरा आणि तिसरा, एकावर एक

रोल पुढं सरकवायला विसरलं की एकाच जागी दोन फोटो बसतात. लालासाहेबाच्या डोक्यात तसंच झालं होतं. समोर, त्याच्या अंगणात, गावातला हंबीरराव बोलत होता आणि हंबीररावाच्या आरपार मागल्या महिन्यातलं पठार दिसत होतं.

हंबीरराव कोर्टाच्या कामाला साताऱ्याला जाऊन आला होता. तांब्याभर पाणी पिऊन, मिशा पुसून म्हणाला, "लालासाब, तुमी काढलेला फोटो लागलाय की पेठेत. तुमचे रोल धुतो त्या भाऊसोच्या दुकानात, काचंच्या आत. ह्यो एवढा थोरला केलाय."

पठारावर सकाळ होती. ऊन असून ऊन नव्हतं. लालासाहेबानं मान वर केली आणि लढाईवरून परतताना मिसर देशातून आणलेला घडीचा कॅमेरा उघडून त्याचा भाता पुढं ओढला. त्याला आभाळाचाच नाद होता. वीज, इंद्रधनुष्य, मावळतीचे ढग. माणसांचे फोटो तो काढत नसे, लोक विनवायचे तरी.

"लोकं पाया पडत्यात, गड्या. डोक्यामागं तेज हाय म्हनं. एका म्हातारीनं काचंला कुक्कू लावलं. भाऊसो पुसून पुसून दमला."

सूर्य उघडा ठेवला तर रोल करपतो. त्याला कशाच्या तरी आड घ्यावं लागतं. गावात असलं तर देवळाचा कळस, माळावर असलं तर बाभळीचा फाटा. पठारावर दोन्ही नव्हतं. मेंढरं होती आणि मेंढरांच्या मागं सिद्धू होता.

"मला इचारत्यात, कुठला वो ह्यो बाबा? मी म्हनलं, आमच्याकडं लय हायत, एक गेला की दुसरा येतो."

"सिद्धू, त्या खडकावर चढ रं. डोकं सूर्याच्या आड आन."

"माझं तोंड येईल की त्यात."

"सूर्य पाठीमागं असला की तोंड येत न्हाई. मानूस नुसता काळा येतो."

सिद्धू हसला आणि चढला. त्याच्या घोंगड्याच्या खोळीत भाकरी होत्या, डोंगरात लपलेल्यांच्या. बेचाळीसपासून दोन वर्षं झाली, भूमिगतांना भाकरी आणि निरोप कोण पोचवतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांकडं सिद्धूचं नाव होतं. चेहरा नव्हता. त्यावर तर तो जिवंत होता.

हंबीरराव उठला. जाता जाता कानाशी आला. हसणं गेलं होतं.

"मी काय बोललो न्हाई तिथं. पर मला लांबनंच कळलं कोन हाय ते. आपल्याकडच्या कुनालाबी कळंल."

तेव्हा कुठं लालासाहेबाला आपली चूक दिसली. दोन डोंगरांपलीकडं उभा असलेला माणूस इथं कुणी तोंडावरून ओळखतो का? उभा कसा राहतो यावरून ओळखतात. घोंगडं कसं टाकलंय, काठी कुठं धरलीय यावरून. लहानपणी झाडावरून पडून सिद्धूचा डावा कोपर मोडला होता आणि हाड बसवणाऱ्यानं तो वाकडा बसवला होता. लालासाहेबानं त्याचं तोंड तेवढं पुसलं होतं. बाकी सगळा सिद्धू पेठेत टांगला होता.

(इथं फोटो नाही)

त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, सगळं ऐकून घेतलं. मग चुलीपुढनं न उठताच म्हणाली, "त्यो सापडला तर?"

"तर मारतील त्याला. कुठं लपल्यात ते इचारतील."

"आन डोंगरातली लोकं काय म्हनतील? लालासाब सरकारची पेन्शन खातो, त्यानंच दाखवला."

शेजारच्या गावात फितूर म्हणून एकाच्या तळपायांवर काठ्या बसल्या होत्या. तो अजून भिंत धरून चालत होता.

"मी सिद्धूला निरोप धाडते. काठी मानंवर घेऊ नको म्हनून सांगते. तुमी जावा, आन फोटो काढून आना तिथनं."

"भाऊसो इचारंल, का काढतोय म्हनून."

"मग काय सांगायचं ते मोटारीत बसून ठरवा."

चौथा

कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार चढाला दम खात होती. प्रत्येक चढाला लालासाहेबानं एक कारण ठरवलं आणि उताराला ते मोडून टाकलं. रोल महाग झाले म्हणून. घरच्यांना आवडलं नाही म्हणून. नजर लागते म्हणून.

पेठेत पोचला तेव्हा दुकानासमोर हवालदार उभा होता.

फोटो बघत. हात पाठीमागं बांधून, मान जरा कलती करून, भाव उतरवायचाय अशा नजरेनं.

लालासाहेब तसाच पुढं निघून गेला असता. पण आतून भाऊसोनं हाक मारली. "आवं लालासाब, या या. हवालदारसाहेब, हेच ते, तासगावाकडचे. ह्यांनीच काढलाय."

हवालदार वळला. जाड, घामेजलेला, बोलायला मऊ माणूस. "तुमी व्हय? झकास काढलाय. कुठला महाराज म्हनायचा ह्यो?"

"महाराज कुठला, साहेब."

"मग कोन?"

मोटारीत ठरवलेल्या कारणांपैकी एकही इथं उपयोगाचं नव्हतं. बैरागी म्हणावं तर कुठल्या मठाचा विचारतील. गडी म्हणावं तर बोलावून आण म्हणतील. लालासाहेबाच्या तोंडून जे निघालं ते त्यालाच नवीन होतं.

"मीच हाय, साहेब."

भाऊसो हसला. हवालदार हसला नाही.

"तुमी?"

"व्हय."

"असं म्हनता." हवालदारानं बगलेतली काठी काढून पुढं केली. "धरा. राहा बघू तसं उभं."

पेठ चालू होती. पानवाला, टोपल्या घेतलेल्या बायका, सायकलवाला, सगळे जरा थबकले. लालासाहेबानं काठी मानेमागं आडवी घेतली. पोलिसाची काठी गुळगुळीत होती, हात घसरत होते. त्यानं काचेतल्या फोटोकडं बघितलं. उजवीकडचा कोपर वाकडा. त्यानं आपला उजवा कोपर वाकवला आणि अर्ध्यावर थांबवला.

हवालदारानं त्याच्याकडं बघितलं. फोटोकडं बघितलं. परत त्याच्याकडं.

"कोपराला काय झालं?"

"लढाईत. ट्रक उलटला."

"आसं. पर हात उलटा झाला की तुमचा. फोटोत हिकडचा हाय, तुमचा तिकडचा."

आरशात बघावं तसा लालासाहेबानं हात वाकवला होता. समोरून उभ्या माणसाचा उजवीकडं दिसणारा हात डावा असतो, हे इतके फोटो काढणाऱ्याला सुचू नये? आता बदलावा तर गेलाच.

काळा माणूस काचेतून बघत होता. बघत होता? त्याला डोळे कुठं होते. तोंड इकडं की तिकडं, हे तरी कुठं लिहिलं होतं त्याच्यावर.

"पाठमोरा हाय, साहेब," लालासाहेब म्हणाला. "फोटोत. तोंड सूर्याकडं हाय माझं."

"फिरा."

तो फिरला. आता समोर भिंत होती, चुन्याची, पोपडे आलेली. मागं काय चाललंय ते दिसेना. बुटांचा एक आवाज झाला. मग काही नाही. काठीवरचे हात त्यानं आणखी लोंबते सोडले. उजवा सोडून. माणूस मागून आपल्याकडं बघतो तेव्हा आपण किती मोठे होतो. अख्ख्या पेठेएवढे.

"बरोबर हाय," मागून आवाज आला. "उजवाच हाय. आमाला डाव्या कोपराचा पायजे एक जन. वरनं कागद आलाय. म्हनून इचारलं, राग मानू नका."

लालासाहेबाला काठी खाली घ्यायचं भान राहिलं नाही.

"पर एक सांगा," तोच मऊ आवाज. "तुमी हितं उभं, तर फोटो काढला कुनी?"

"बायकोनं."

"बायकोनं?" आता मात्र हवालदार पोटभर हसला. भाऊसोही हसला, पानवालाही. "बाईमानूस फोटो काढतंय व्हय तुमच्यात? लय भारी. तासगावला बदली झालीया माझी, येतो की दिवाळीच्या आत. माझ्या आईचा काढायला सांगा त्यांना. अस्साच. मागं तेज घेऊन."

फोटो काचेत राहिला. आता तो काढून मागायला कुठलंच कारण उरलं नव्हतं.

पाचवा, उजेड लागलेला

मोटारीत त्यानं हात सरळ केला नाही. साताऱ्याची वेस गेली, कऱ्हाड गेलं, तरी नाही. शेजारच्या माणसानं विचारलं, कोपर दुखतोय का. लालासाहेब व्हय म्हणाला.

सहावा, सातवा, त्यापुढचे

राहीबाई कॅमेरा दोन्ही हातांत धरते तेव्हा दुधाचं भांडं उतरवतेय असं वाटतं. तो तिला सांगतो, वरच्या छोट्या काचेत बघ, डावं उजवं उलटं दिसतं, बावरू नको. श्वास सोड आणि मग दाब. रोल घातलेला नाही. नुसतंच दाबायचं. खट्. परत. खट्.

"आवं, पर सूर्य कसा आड घ्यायचा?"

"तू बस खाली. मी खडकावर हाय. तू हाल, सूर्य हालत न्हाई."

"लय हुशार. हवालदाराच्या म्हातारीला खडकावर चढवनार काय तुमी?"

तो हसायला जातो आणि अर्ध्यावर थांबतो. खालच्या वाटेनं कुणीतरी मेंढरं घेऊन चाललंय. काठी हातात, खाली, चार माणसांसारखी. डावा हात घोंगड्याच्या आत. लालासाहेब बराच वेळ बघत राहतो आणि त्याला कळत नाही तो कोण. मेंढरांवरून कळतं, पुढच्या काळ्या एडक्यावरून. सिद्धू वर बघत नाही. त्यालाही खडकावरचा माणूस कोण, हे कदाचित कळलेलं नाही. किंवा कळलंय.

तासगावच्या बाजारात नवा हवालदार दिसला, असं हंबीरराव सांगत आला. येईल म्हणाला, या आठवड्यात नाहीतर त्या.

त्या रात्री राहीबाईनं तेल कोमट करून आणलं. लालासाहेबाचा उजवा कोपर आता पहाटे पहाटे आपोआपच वाकलेला असायचा आणि सरळ करताना आतून कळ यायची. तिनं त्याचा हात मांडीवर घेतला, बोटं तेलात बुडवली.

त्यानं हात काढून घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "तेलानं बरा होईल."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग तेलाची वाटी उचलून फडताळात ठेवली, मागच्या बाजूला, सहज हाताला लागणार नाही अशी.