हवालदारांचा मोबाइल

मोतीराम आहेर तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि देवळाली कॅम्पातच राहिले. गाव बागलाणात, पण तिकडे आता कोणी उरलं नव्हतं. लॅम रोडच्या आतल्या गल्लीत त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. मोठी मुलगी प्रतिभा नाशिकरोडला दिलेली, तिथल्याच एका शाळेत शिकवायची. धाकटी भाग्यश्री नर्स. तिचं लग्न औरंगाबादला झालं होतं आणि तिथल्या एका खाजगी दवाखान्यात ती नोकरी करत होती.

घरी फोन होता, पण तो निम्मा महिना बंदच असायचा. भाग्यश्रीच्या ड्यूट्या बदलत्या. तिला वेळ मिळे तेव्हा इकडे फोन मुका, आणि इकडे फोन सुरू झाला की ती वॉर्डात. म्हणून २००४ सालच्या उन्हाळ्यात प्रतिभा वडिलांना घेऊन कॅम्पच्या बाजारात शहजादच्या दुकानात गेली. शहजाद आधी घड्याळं विकायचा. आता अर्ध्या काउंटरवर घड्याळं आणि अर्ध्यावर मोबाइल.

"काका, येणारे फोन आता फुकटच आहेत," तो म्हणाला. "प्रश्न आहे तुमच्याकडून जाणाऱ्यांचा. पोस्टपेड घेतलं तर दर महिन्याला भाडं, बोला नाहीतर नका बोलू. प्रीपेडमध्ये जेवढं भराल तेवढं बोलाल."

"प्रीपेड," मोतीराम म्हणाले. "पुढे?"

"त्यात परत दोन प्रकार. एकात घरच्या दोन नंबरांना निम्मा दर लागतो. दुसरं मेसेजवालं. थोडे पैसे एकदाच भरायचे, मग महिनाभर मेसेज फुकट. ते कॉलेजची पोरं घेतात."

"चिठ्ठ्याच पाठवायच्या तर पोस्ट आहे की समोर."

प्रतिभा हसली. दोन नंबर ठरलेलेच होते, एक तिच्या मोबाइलचा आणि एक भाग्यश्रीच्या. मोतीरामांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं, आणि घरी येईपर्यंत दोनदा खिसा चाचपून पाहिला.

फोन आला आणि गल्लीला आहेरांच्या घरातलं सगळं कळायला लागलं. मोतीराम फोनवर बोलत नसत, ओरडत. भाजी कुठली केली, प्रतिभाच्या सासूचा गुडघा कसा आहे, पेन्शन जमा झाली की नाही. शिवाय समोरचं माणूस जे बोले ते प्रश्न करून परत म्हणायची त्यांना सवय होती. "गुडघा? सुजलाय? डॉक्टर काय म्हणतात, ऑपरेशन?" बँकेत एकदा शिपायाने त्यांना बाहेर जाऊन बोलायला सांगितलं. देवळात भजन चालू असताना फोन वाजला आणि त्यांनी तिथेच उचलला, तेव्हा टाळ थांबले. त्यांच्या पत्नी नवसाबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "अहो, लोकं बघत व्हती."

"बघू देत. आवाज नीट येत नाही या कंपनीचा. मी काय करू?"

प्रतिभानेही समजावून पाहिलं. फौजेत राहिलेला माणूस, मोठ्याने बोलायची सवयच, असं म्हणून तिने शेवटी सोडून दिलं.

पावसाळा संपत आला होता. मोतीराम एका सकाळी पेन्शनच्या कामाला नाशिकला निघाले होते. सिटी बस भरलेली होती. कॅम्पातली निम्मी माणसं ओळखीची. पुढच्या बाकावर त्यांच्याच गल्लीतल्या सुलाबाई बसल्या होत्या. बिटको चौक गेला आणि खिशात फोन वाजला. भाग्यश्री होती.

"बोल बेटा. काय? दार? दाराचं काय झालं?"

बसमधली चार डोकी वळली.

"उघडत नाहीत? कोण, जावईबापू? उशीर झाला की दार उघडत नाहीत? मग तू कुठे झोपलीस? जिन्यात?"

पलीकडून भाग्यश्री काहीतरी सांगत होती. मोतीरामांनी दुसऱ्या कानावर तळहात दाबला आणि आवाज आणखी वाढवला.

"दवाखान्यात येऊन तमाशा केला? कोणाबरोबर? डॉक्टरबरोबर तुझं नाव घेतलं? मोठ्याने बोल. सोडून येतेस? नवऱ्याला सोडून येतेस म्हणतेस का?"

बसमध्ये आता इंजिनाशिवाय कसलाच आवाज नव्हता. सुलाबाई उठून मागे आल्या. त्यांनी मोतीरामांच्या दंडाला हात लावला.

"दादा, हळू बोला. लेकीच्या घरचं आहे."

मोतीरामांनी मान वर केली. सगळी बस त्यांच्याकडे बघत होती. कंडक्टरही तिकिटं फाडायचा थांबला होता. त्यांनी फोन बंद केला, खिशात ठेवला आणि नाशकातल्या शालिमारच्या थांब्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. सुलाबाईंनी पुढे कोणाला काही सांगितलं नाही, पण त्या बसमध्ये त्या एकट्या नव्हत्या. संध्याकाळी नवसाबाई भाजी घ्यायला गेल्या तेव्हा भाजीवालीनेच विचारलं, "धाकटी परत आली का हो?"

बातमी औरंगाबादलाही पोहोचली. कॅम्पातलं कोणीतरी भाग्यश्रीच्या सासरच्यांच्या नात्यातलं निघालं. तिच्या नवऱ्याने तिला विचारलं, "बापाला सांगून गावभर डांगोरा पिटलास का?" त्या दिवसापासून भाग्यश्रीने वडिलांना फोन करणं बंद केलं. बोलायची ती फक्त प्रतिभाशी.

"मी त्यांना विश्वासाने सांगत होते ताई," ती म्हणाली. "आधी त्यांनाच सांगितलं, आईला पण नाही. आणि त्यांनी बसमध्ये..."



प्रतिभा त्याच रविवारी कॅम्पात आली. मोतीराम ओट्यावर बसले होते, फोन मांडीवर. प्रतिभाने रागातच सुरुवात केली. तुम्हाला ऐकू येत नसेल तर थांबता येत नाही का, बसमधून उतरता येत नाही का, घरी येऊन परत फोन करता येत नाही का. ते खाली बघत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "भाग्याचा फोन आला होता का तुला?"

"तेच तर सांगतेय इतका वेळ," प्रतिभा म्हणाली, आणि एकदम थांबली. ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी होती. तिने सांगितलेलं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं.

ती आत गेली. नवसाबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, अण्णांना किती दिवसांपासून ऐकू येत नाही?"

नवसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "उजवा तर तुझ्या जन्माआधीच गेला. तोफेजवळ उभं राहायचं, कानात निस्ता कापूस. डाव्याचंबी आता लय कमी झालंय. मी कायम डाव्या बाजूनं बोलते. फौजेत कळलं असतं तर मेडिकलच्या खालच्या क्याटेगरीत टाकलं असतं, म्हणून कुठं बोलायचं नाय असं ठरलं व्हतं. मग तेच चालत राहिलं."

"आम्हालाही सांगितलं नाहीस?"

"तुमचा बाप म्हणायचा, पोरींना कशाला."

प्रतिभा बाहेर आली. या वेळी ती डाव्या बाजूला बसली आणि सावकाश बोलली. मोतीरामांनी सगळं ऐकून घेतलं. लष्करी दवाखान्यात कान तपासून घ्यायला ते तयार झाले, एवढ्या सहज की प्रतिभालाच वाईट वाटलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जाड आवाज यांना बऱ्यापैकी ऐकू येतात, बारीक आवाज जवळजवळ नाहीत. "पुरुष बोलला तर फोनवर कळत असेल. बायकांचं, मुलींचं बोलणं फार कमी कळत असणार. मग हे अंदाजाने शब्द भरतात आणि बरोबर आहे का ते विचारून बघतात." कानाचं मशीन मिळालं. समोरासमोर त्याचा उपयोग होई, पण फोन कानाजवळ नेला की ते शिट्टी मारे.

घरी येताना मोतीराम म्हणाले, "शहजादकडे जाऊ."

दुकानात त्यांनीच बोलायला सुरुवात केली. "ते मेसेजवालं द्या. आणि कसं लिहायचं ते हिच्याकडून शिकतो मी."

शहजादने कारण विचारलं नाही. प्लॅन बदलून दिला. एका बटणावर तीन-तीन अक्षरं असतात आणि हवं ते येईपर्यंत दाबत राहायचं, हे प्रतिभाने तिथेच काउंटरवर दाखवलं. मोतीराम चष्मा लावून, करंगळीच्या नखाएवढ्या बटणांवर अंगठा रोवून लिहू लागले. इंग्रजी अक्षरं, मराठी शब्द. पहिला मेसेज भाग्यश्रीला गेला. "बसमध्ये चूक झाली. मला कानाने ऐकू येत नाही. तुला सांगितलं नव्हतं. अण्णा."

दोन दिवस उत्तर नव्हतं. मोतीराम फोन उशाशी ठेवत आणि नवसाबाईंना विचारत, "वाजला का गं?" तिसऱ्या दिवशी मेसेज आला. "खरंच अण्णा? कधीपासून?"

मग दोघांचं लिहिणं सुरू झालं. भाग्यश्री जेवणाच्या सुट्टीत लिही. मोतीरामांना एक ओळ लिहायला वेळ लागे, त्यामुळे ते अगदी नेमकं लिहीत. लहानपणी त्यांनी मुलींना धाक घातला होता, शिस्त लावली होती, वह्या-पुस्तकं आणून दिली होती, पण कसं वाटतं असं कधी विचारलं नव्हतं. आता ते विचारत. "जेवलीस का. मारतो का. खरं लिही." तिने लिहिलं, "मारत नाही. पण रोज संशय. ड्यूटीवर जायची भीती वाटते आणि घरी जायची पण."

एकदा ते बसमध्ये असताना फोन वाजला. मेसेजचा नव्हता, कॉलचा होता, आणि पडद्यावर भाग्यश्रीचं नाव. मोतीरामांनी उचलला नाही. त्यांनी घंटीची दोरी ओढली, उपनगरच्या थांब्यावर उतरले, रस्त्यापासून आत एका भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि तिला लिहिलं, "बसमधून उतरलो. एकटा आहे. लिही."

उत्तर आलं, "काल परत दार उघडलं नाही. चुकून कॉल लावला. रडायला येत होतं."

दोन बसेस येऊन गेल्या. मोतीरामांनी लिहिलं, "घरी ये. कोणाला विचारू नको. मी स्टँडवर येतो."

भाग्यश्री दोन बॅगा घेऊन आली. गल्लीत सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. अडचण होती ती घरात. नवसाबाईंना मुलगी आलेली हवी होती, पण राहिलेली नको होती. "संसारात व्हतं असं. समजूत काढली की निवळतं," त्या म्हणत. त्यांनीच प्रतिभाला सांगून औरंगाबादला निरोप धाडला, आणि पुढच्या रविवारी जावई आणि त्याचे काका बारकू नाना बोलणी करायला आले.

बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. बसायच्या आधी मोतीरामांनी कानातलं मशीन नीट केलं, आपला फोन खिशातून काढून बंद केला आणि कपाटावर ठेवला. प्रतिभानेही तिचा बंद केला. जावई भिंतीला टेकून बसला. त्याचा फोन त्याच्या हातात होता, नवा, रंगीत पडद्याचा.

बारकू नाना भला माणूस होता. तो म्हणाला, "झालं ते झालं. पोरगा चुकला. मी हात जोडतो. सूनबाईंनी पुन्हा घरी यावं. दाराचं म्हणाल तर..."

फोन वाजला. जावयाने उचलला. "हां बोल रे. नाही नाही, फ्री आहे, बोल." तो तिथेच बसून एका मित्राशी गाडीच्या टायरबद्दल बोलला. बारकू नाना थांबून राहिला. बोलणं संपल्यावर त्याने पुन्हा सुरुवात केली. भाग्यश्री आतल्या दाराशी उभी होती. तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मी रात्रभर जिन्यात बसले, नाना. शेजाऱ्यांनी चहा दिला. मी..."

फोन पुन्हा वाजला. जावयाने तिच्याकडे न बघता हात वर केला, एक मिनिट थांब म्हणून, आणि फोन कानाला लावला. या वेळी तो हसला. कशाला हसला ते कोणालाच कळलं नाही. त्याच्या चुलत्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्याने बाजूला केला.

मोतीराम त्याच्याकडे बघत होते. बोलल्या त्या नवसाबाई. त्या चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या आणि तशाच उभ्या राहिल्या होत्या.

"नाना, चहा घ्या," त्या म्हणाल्या. "जावईबापूंचं बोलणं झालं की त्यांनाबी द्या. मग निघा तुम्ही. पोरगी नाय येणार."

"वहिनी, अहो, एवढ्यावरून..."

"ती तोंडानं सांगत व्हती," नवसाबाई म्हणाल्या. "त्याला तेवढंबी ऐकायचं नाय. याचे कान तर धड हायेत."

बारकू नानाने चहा घेतला. जाताना तो मोतीरामांच्या पाया पडला, वयाने मोठा असूनही. जावई त्याआधीच रस्त्यावर जाऊन उभा होता, फोनवर बोलत.

घटस्फोट मिळेपर्यंत कोर्टात दीड वर्ष गेलं. भाग्यश्रीला नाशिकरोडच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली आणि ती कॅम्पातूनच ये-जा करू लागली. तिची रात्रपाळी असली की मोतीराम सकाळी लवकर उठून अंगणात खुर्ची टाकत. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की ते आत जाऊन पातेल्यात दूध ओतत, आणि ती हातपाय धुऊन येईपर्यंत तिच्यासाठी चहा तयार असे.