दारासमोरच्या चपला

"अहो, इथे पोळपाट मावत नाही," शोभनाने आतून निकाल दिला.

मोरेश्वर अजून पायरीशी चपलाच काढत होते. चौतीस फूट लांब घरात वीतभर पोळपाट मावत नाही, ही कमालच होती. पण एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ते एक शिकले होते, की स्वयंपाकघराच्या निकालावर अपील चालत नाही.

सकाळपासून नापास झालेलं हे तिसरं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर. शोभना घरूनच पिशवीत पोळपाट-लाटणं घेऊन आली होती. प्रत्येक गाडीच्या दाराशी दोघं चपला काढत, ती त्या तोंडं बाहेर करून नीट लावी, मग आत जाऊन ओट्यावर हवेतच एक पोळी लाटून बघे आणि नाक मुरडे. "शूज ऑन इज फाइन," असं सेल्समन रिक पहिल्यांदा म्हणाला होता. "घर आहे ना हे?" असं शोभनाने त्याला इंग्रजीत विचारलं होतं.

"अगं, शंतनूची फॅमिली आली तर? हा सोफा ओपन होतो."

"शंतनू फोन करतो, येत नाही. फोनला बेड लागत नाही."

आपल्याच मुलाबद्दलचं हे बोलणं मोरेश्वरांनी हसण्यावारी नेलं. अल्फारेटा गावातल्या एकाच कंपनीत त्यांनी बावीस वर्षं डेटाबेस सांभाळले होते, अमेरिका बघायची ती रिटायर झाल्यावर, असं म्हणत. रिटायर झाले आणि काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, कडेचं पुसत चाललं होतं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची, असं डॉक्टर म्हणाले. मग दोघांनी घरच विकायला काढलं. दिसतंय तोवर चाकांवर राहून सगळं बघून घ्यायचं ठरलं. गाडी अर्थात तेच चालवणार होते. शोभना साधी कार गॅरेजमधून काढायची, तरी ते शेजारून "लेफ्ट बघ, लेफ्ट" करायचे.

चौथी गाडी चोवीस फुटी होती. पलंग भिंतीला चिकटलेला, ओटा फळीएवढा. शोभनाने पोळपाट मांडला, तर त्याची कड चक्क ओट्याबाहेर आली.

"मस्त बसतोय," ती म्हणाली.

"मस्त? अर्धा हवेत आहे, शोभना!"

"मला पुरतं. ड्राइव्ह करून बघू या."

रिकने आतूनच दार ओढलं आणि तो मागच्या बाकावर बसला. मोरेश्वर आतूनच पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसले. दोन मैल झकास गेले. मग उजवीकडे वळताना शोभना ओरडली, "अहो, सायकल!"

त्यांनी करकचून ब्रेक मारला. हातभर अंतरावरून एक मुलगी सायकल सावरत निघून गेली. मोरेश्वरांना ती आत्ता दिसली. त्यांनी कशीबशी गाडी एका चर्चच्या पार्किंगमध्ये घेतली. हात स्टिअरिंगवरून निघेनात.

"मला दिसलीच नाही गं."

"माहितेय मला. कार काढताना कचऱ्याचा डबा दोनदा पाडलात ना, तेव्हापासून."

रिकने मागे फोनमध्ये डोकं घातलं. मराठी येत नसलं, तरी त्याला समजायचं ते समजलं असावं.

"म्हणून पोळपाट मावत नव्हता?"

"चौतीस फूट मला झेपणार नाहीत हो. ही झेपेल." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "देश तुम्हाला बघायचाय ना? मग बघायचं काम तुम्ही करा. चालवायचं मी करते."

मोरेश्वरांना लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. कित्येक महिने ते एकटेच घाबरत होते. जागा बदलायला म्हणून त्यांनी दार उघडलं, तर खाली जुलैचं तापलेलं डांबर आणि पाय अनवाणी. चपला तिकडे, घराच्या दाराशी. घर मात्र इकडे निघून आलेलं. दोघांना हसू आवरेना. शेवटी दोन सीटांमधल्या चिंचोळ्या जागेतून, एकमेकांचे दंड धरून, त्यांनी जागा बदलल्या.

शोभना अनवाणीच चालवू लागली. मोरेश्वर सवयीने "लेफ्ट..." म्हणाले आणि थांबले. मग मान पूर्ण वळवून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. झाडांमागे एक तळं होतं, त्यात बदकं होती. बावीस वर्षं ते याच रस्त्याने ऑफिसला गेले होते. तळं आज पहिल्यांदा दिसत होतं.

विक्रेत्याच्या आवारात परतल्यावर शोभना कॅमेऱ्यात बघत, गोगलगाईच्या चालीने गाडी मागे घेऊ लागली. दोन मोकळ्या जागा सोडून तिसरीत घेतली, थांबली, पुन्हा फूटभर पुढे घेतली. एवढ्या मोठ्या मैदानात ही कसली मापं काढते आहे, ते मोरेश्वरांना कळेना.

मागचं दार उघडून ते पायरीवर आले. पायाखालचं दिसायला हल्ली मान बरीच वाकवावी लागे. आज त्यांनी मान न वाकवताच चौकट धरली आणि पाय खाली सोडला.

तो थेट चपलेत पडला.