आपोलेनाच्या लग्नातले सैतान

मी एक जुना पत्र्याचा साचा आहे, बिस्किटं कापायचा. माझा आकार सैतानाचा आहे. डोक्यावर दोन शिंगं आणि मागे वळलेली शेपटी. मित्रांनो, हे मी खाली मान घालून सांगत नाही. आमच्या डब्यात हृदय होतं, कबूतर होतं, कोकरू होतं, पंख पसरलेला देवदूतही होता. सगळे कसे गोजिरवाणे! पण त्यांच्यापैकी एकापायीही कुणाचं लग्न मोडायची वेळ आली नाही. माझ्यापायी आली.

चेक देशातल्या मोराव्हिया प्रांतातल्या एका खेड्यात ओन्द्रा नावाचा कारागीर धुराड्यांची नळकांडी बनवायचा. उरलेल्या पत्र्याची पट्टी वाकवून त्याने मला घडवलं आणि रुझेनामावशीच्या हातात ठेवलं. गावातला कुठलाच सण या मावशीशिवाय पार पडत नसे. ईस्टरला कोकरं, बारशाला दुपट्यात गुंडाळलेली बाळं, लग्नाला हृदयं. मध, दालचिनी आणि लवंग घालून ती पीठ मळायची, लाटायची, आम्हाला मैद्यात बुडवून त्यावर दाबायची. भट्टीतून निघालेल्या गरम बिस्किटांवर फेटलेल्या अंड्याचा हात फिरवला की ती चकाकायची. मग अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर घोटून ती कागदाच्या कोनात भरायची आणि त्या टोकातून अशी बारीक जाळी उतरवायची की बघणाऱ्याने खायचं विसरावं.

माझी पाळी वर्षातून एकदाच यायची. डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी पांढऱ्या दाढीचा, उंच टोपीचा संत मिकुलाश घरोघर फिरायचा. तो म्हणजे गावातलाच कुणीतरी असायचा म्हणा. बरोबर एक देवदूत, एक सैतान. गुणी मुलांना देवदूताचं बिस्कीट, द्वाड मुलांना माझं. देवदूताला पंखांवर नक्षी, गळ्यात माळ. मला मात्र दोन ठिपक्यांचे डोळे, बस्स. "सैतानावर कशाला साखर वाया घालवायची?" असं मावशीच म्हणायची. हे मला झोंबायचं. पीठ तेच, मध तोच, भट्टीही तीच!

त्या गावात आपोलेना नावाची एक मुलगी होती. तिची विधवा आई लोकांचे पाळीव हंस राखायची. पोरगी भारी खट्याळ. एकदा ती चर्चच्या मनोऱ्यावर चढली आणि भरदुपारी घंटा बडवून आली. आग लागली समजून सारं गाव बादल्या घेऊन धावलं. तिला दर वर्षी सैतान मिळायचा. आधी ती रडायची. नंतर माझं डोकं आधी खायला शिकली.

मग एका वर्षी तिची आई अंथरुणाला खिळली. सबंध उन्हाळा आणि सबंध शरद ऋतू आपोलेनाने हंस राखले, चूल सांभाळली, आईला न्हाऊमाखू घातलं. खोडी काढायला तिला फुरसतच नव्हती. तरी त्या डिसेंबरात मिकुलाशने पिशवीत हात घातला आणि सवयीने सैतानच काढला. एकदा नाव पडलं की पडलं.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी बिस्कीट घेऊन ती रुझेनामावशीच्या दारात उभी राहिली.

"मावशी, याला कपडे द्या."

"काय द्या?"

"कपडे. थंडी केवढी पडलीय, आणि हा बिचारा उघडा."

मावशी आधी हसली. मग तिने कोन भरून आपोलेनाच्या हातात दिला. "तूच शीव."

पहिली रेघ गांडुळासारखी वळवळली. पण आपोलेना दर शनिवारी येत राहिली आणि हात बसत गेला. माझ्या सैतानांना कशिद्याची जाकिटं आली, मिशा आल्या, गावच्या पोरांसारखी पिसाची टोपी आली. एकेक सैतान असा ऐटीत दिसायचा की मुलं देवदूत टाकून त्याच्यासाठी हट्ट धरू लागली.

शाळेचे मास्तर तक्रार घेऊन आले. "द्वाडांनाच देखणं बिस्कीट मिळालं तर गुणी कोण राहील?"

"मग गुणी मुलांनाही हेच द्या की, मास्तर," आपोलेना म्हणाली. "त्यांनाही कधीतरी हौस होत असेल."

पुढे मावशी गेली. जाताना आमचा डबा तिने आपोलेनाच्या हवाली केला. आणि काही वर्षांनी आपोलेनाचं लग्न ठरलं, गिरणीवाल्यांच्या तोमेशशी.

तोमेशची आई फ्रांतिश्काबाई चर्चमधल्या वेदीच्या वस्त्रांवर भरतकाम करायच्या. नाकावर माशी बसू देत नसत. आमच्याकडे लग्नात प्रत्येक पाहुण्याच्या ताटात नाव घातलेलं बिस्कीट ठेवतात. ती हृदयं असतात, नाहीतर कबुतरं. आपोलेनाने मात्र टेबलावर मला काढून ठेवलेलं बाईंनी पाहिलं.

"हे कशाला?"

"ताटात ठेवायला."

"माझ्या मुलाच्या लग्नात सैतान? लोक काय म्हणतील?"

"जे आजवर म्हणत आले तेच. या गावाने लहानपणापासून मला सैतान दिला, आई. आता मी ज्याचा त्याला परत करणार. ताटागणिक एक."

"मग माझा मुलगा चर्चची पायरी चढणार नाही, सांगून ठेवते!"

तोमेश कोपऱ्यात बदाम सोलत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "पाय माझे आहेत, आई. पायरी मी चढणार."

बाई तणतणत निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी, आपोलेना अंडी आणायला बाहेर पडली आणि बाई परत आल्या. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. त्यांनी मला उचललं, फरशीवर टाकलं आणि बुटाची टाच दिली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मित्रांनो, मला दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. पण माझा सांधा सुटला नाही. ओन्द्राची जोडणी होती ती!

आपोलेनाने मला चपटा झालेलं पाहिलं. कुणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. तिने चमच्याचा दांडा घालून मला हळूहळू उघडलं. शेपटी आली, पाय आले, उजवं शिंग आलं. डावं काही केल्या बाहेर निघेना.

"जाऊ दे ना," तिची मैत्रीण म्हणाली. "हृदयं कापू. वेळ कुठे आहे?"

"डावं शिंग मी पिठातून सुरीने कापीन," आपोलेना म्हणाली. आणि प्रत्येक बिस्किटाचं कापलं.

लग्नाच्या दिवशी तिने मला घागऱ्याच्या खिशात घातलं होतं, डोकं बाहेर ठेवून, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं आणि ऐकलं. चर्चमधून मंडळी अंगणातल्या टेबलांशी आली आणि एकदम चिडीचूप झाली. प्रत्येक ताटात एक सैतान. सरपंचाच्या सैतानाला सुटलेलं पोट आणि घड्याळाची साखळी. मास्तरांच्या सैतानाला चष्मा. फादरांच्या सैतानाला काळा झगा.

फादरांनी आपलं बिस्कीट डोळ्यांजवळ नेलं. "माझं नाक एवढं मोठं आहे?"

"याहून मोठं आहे, फादर. साखर पुरली नाही."

फादर असे काही हसले की त्यांना ठसका लागला. मग अंगणभर हशा उसळला. जो तो शेजाऱ्याला आपला सैतान दाखवू लागला, दुसऱ्याचा बघून टाळ्या देऊ लागला.

फक्त एका ताटात सैतान नव्हता. फ्रांतिश्काबाईंच्या ताटात देवदूत होता, पंखांवर वेदीच्या वस्त्रासारखी नाजूक नक्षी असलेला. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. बाईंनी देवदूत उचलून उलटसुलट करून पाहिला. शेवटी म्हणाल्या, "मला का नाही?"

"तुम्ही कधी काही वाईट केलंच नाही ना, आई," आपोलेना शांतपणे म्हणाली.

हसणं थांबलं. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या, पुन्हा बसल्या.

"तुझा साचा मी चिरडला," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "टाचेने. मुद्दाम."

आपोलेनाने स्वतःच्या ताटातला सैतान उचलून सासूच्या ताटात ठेवला. "मग हा घ्या. हक्काचा आहे तुमच्या."

"यावर तुझं नाव आहे."

"असू दे. आता एकाच घरात राहायचंय."

बाईंनी बिस्कीट मधोमध मोडलं. शिंगांचा अर्धा भाग स्वतः ठेवला आणि पायांचा सुनेला दिला. "डोकं मी खाणार," त्या म्हणाल्या. "मोठी मी आहे."

मित्रांनो, आता आपोलेनाची नात माझ्याकडून बिस्किटं कापते. माझी कल्हई उडाली आहे. एवढंच मागणं आहे की काम झालं की मला धुऊन लगेच कोरडं पुसा, पाण्यात भिजत टाकू नका. कुणावर एकदा नाव पडलं म्हणून जन्मभर त्याला तेच वाढू नका. आणि माझ्या शिंगांत पीठ अडकलं तर मला शिव्या घालू नका. शिंगं आहेत, अडकणारच.